शेवटच्या रॅन्सडेलची पट्टी

१

कोलाचकींचं, म्हणजे आमच्या जॅम भरलेल्या पोलिश बिस्किटांचं, ताट दोन्ही हातांत धरून मी शुक्रवारी सकाळी नऊला संग्रहालयाच्या मागच्या दाराने आत शिरले, तेव्हा ऑर्विल प्रुइट हिरव्या गाडीसमोर उभा होता आणि त्याची टोपी हातात होती. ऑर्विल टोपी काढायचा ती फक्त चर्चमध्ये आणि कुणाला पुरताना.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"पट्टी गेली," तो म्हणाला.

गाडीचं बॉनेट उघडं होतं. आतल्या पत्र्यावर, इंजिनाच्या मागे, अंगठ्याहून जराशी मोठी एक पितळी पट्टी असायची. तिच्यावर गाडीचा नंबर ठोकलेला होता, आणि तो नंबर आमच्या कारखान्याचा शेवटचा होता. त्या नंबरानंतर हार्लन फॉल्समधून एकही रॅन्सडेल बाहेर पडली नाही. आता तिथे नुसता फिका चौकोन दिसत होता. पट्टीचे दोन्ही स्क्रू मात्र जागच्या जागी होते. आपापल्या भोकात परत बसवलेले, खाचा वर-खाली अगदी उभ्या.

मी ताट खाली ठेवलं. "पट्टी नेली, मग स्क्रू कशाला परत लावले?"

"मला काय विचारतेस? मी रंगारी माणूस."

"दार?"

"बंद होतं. ओरखडासुद्धा नाही." त्याने कमरेच्या पट्ट्याला लटकवलेल्या किल्लीवर हात ठेवला, ती तरी आहे ना, हे बघितल्यासारखा. "लॉटी, दुसरी किल्ली अध्यक्षबाईंकडे, मिस विनिफ्रेडकडे असते. म्हणजे तिजोरीतच म्हण. राहिली ही एक. आता सगळे माझ्याकडे बघणार."

आणि दहा वाजायच्या आत सगळे त्याच्याकडेच बघायला लागले.

२

या गोष्टीला आता तीस वर्षांच्या वर झाली. मी नव्वदीला टेकले आहे आणि सकाळी न्याहारीला काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. पण रॅन्सडेलच्या गाद्यांच्या खात्यात माझ्या डाव्या हाताला कोण बसायचं आणि उजव्या हाताला कोण, ते विचारा.

म्हातारा एसा रॅन्सडेल मुळात मका वाहायच्या गाड्या बनवायचा. मग घोडे सुटले आणि इंजिन आलं. माझी आई सांगायची की एकोणतीस साली आमच्या गावच्या गाडीत बिशप बसायचे आणि सिनेमातल्या नट्याही बसायच्या, फक्त एकाच वेळी नाही. मी बावन्न साली लागले तेव्हा तीन पाळ्या चालायच्या. भोंगा झाला की सहा हजार माणसं पुलावरून चालत यायची आणि पूल हलायचा. गाडीसाठी लोक आठ-आठ महिने थांबायचे.

मग डेट्रॉइटच्या मोठ्या कारखान्यांनी किमती उतरवल्या. आम्हांला त्या उतरवता येईनात. मालकांनी जुन्याच सांगाड्याला नवं नाक लावलं, पुढच्या वर्षी नवी शेपटी लावली. गिऱ्हाईक काही खुळं नसतं. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक. बासष्टच्या वीस डिसेंबरला, नाताळाच्या तोंडावर, लाइन थांबली.

त्या शेवटच्या दिवशी काही म्हणजे काही पुरत नव्हतं. खरेदीवाल्यांनी महिनाभर मालच मागवला नव्हता. गादीचं कापड चौकटीला ठोकायचे आमचे बारीक काळे खिळे शेवटच्या गाडीला संपले. आम्ही मुली मूठभर खिळे तोंडात धरायचो, जिभेने एकेक ओठांवर आणायचो आणि चुंबकाच्या हातोडीने उचलून ठोकायचो. तोंड रिकामं झालं, गादी अर्धी राहिली. मी तशीच नदीपलीकडे पळाले. तिथे शवपेट्यांचा कारखाना होता आणि माझा मामा स्ताश तिथे कामाला होता. त्याने पेटीच्या अस्तराचे मूठभर खिळे दिले. मोठ्या, गोल, पांढऱ्या डोक्याचे. "पोरी, हे तोंडात धरू नकोस," तो म्हणाला. मी धरले. आईला कळलं तेव्हा तिने माझ्या तोंडात मिठाच्या पाण्याची गुळणी कोंबली आणि छातीवर तीनदा क्रूस काढला. त्यानंतर मी हे कुणालाच सांगितलं नाही. शवपेटीचे खिळे गाडीत मारणं काही शुभ नव्हे.

तर दर ऑगस्टला, मक्याची कणसं कोवळी असताना, उरलेल्या रॅन्सडेल गाड्या आणि उरलेली माणसं हार्लन फॉल्सला जमायची. ब्याण्णव सालच्या मेळाव्याला नेब्रास्काहून एक नवा पाहुणा आला. डेल क्रम त्याचं नाव. डुकरं पाळायचा. आला तो निळी रॅन्सडेल चालवत. तिचा मागचा डावा दरवाजा बाकीच्या गाडीहून एक छटा गडद होता.

गुरुवारी दुपारी चारला त्याने आमच्या हिरव्या गाडीसमोर सगळ्यांना गोळा केलं आणि बाँब टाकला.

"शेवटची गाडी ही नाही," तो म्हणाला. "माझी आहे."

३

क्रमचं म्हणणं साधं होतं. पट्टी लावणारा माणूस पट्टीच्या पाठीवर सुईने गाडीचा रंग कोरून ठेवायचा, म्हणजे एकीची पट्टी दुसरीला लागू नये. ही रीत खरी होती. आम्हां जुन्यांना ठाऊक होती, पण तीस वर्षांत कुणाला तिची आठवण झाली नव्हती. क्रमने गेल्या हिवाळ्यात गाडी धुवायला म्हणून पट्टी उतरवली. पुढच्या बाजूला शेवटून दुसरा नंबर. मागे कोरलेलं : हिरवी.

"आणि माझी गाडी तर निळी! तेव्हा उद्या तुमची पट्टी उतरवा. मागे 'हिरवी' असेल तर मी माफी मागून घरी जातो. पण 'निळी' निघाली, तर पट्ट्यांची अदलाबदल झालीय, मंडळी."

"ही पट्टी निघणार नाही," ऑर्विल सगळ्यांसमोर ओरडला. "निघाली तर माझ्या प्रेतावरून!"

मूर्खासारखं बोलला. पण एकोणीस वर्षं तो त्या गाडीला रोज सकाळी फडकं मारत होता. बायको गेल्यावर त्याला दुसरं होतं काय?

संग्रहालयाच्या मंडळाची अध्यक्ष मिस विनिफ्रेड रॅन्सडेल, एसाची नात. साठीची, ताठ, गळ्यात मोत्यांचा एकच सर. तिने दोघांना हाताने थांबवलं. "शनिवारी दुपारी बारा वाजता सगळ्यांसमक्ष पट्टी उतरवू," ती म्हणाली. "रॅन्सडेलांना लपवायचं काही नाही."

शुक्रवारी ती पट्टीच नाहीशी झाली.

मंडळाची बैठक पंधरा मिनिटांत आटोपली. विम्याचा धंदा करणारा एक सभासद म्हणाला, "दार फोडलेलं नाही. किल्ली प्रुइटकडे. काल काय बोलला ते चाळीस जणांनी ऐकलं. अजून काय हवं?"

मिस विनिफ्रेडने हात पुढे केला. "ऑर्विल, किल्ली माझ्याकडे दे. उद्या बारापर्यंत पट्टी मिळाली नाही, तर मंडळाला दुसरा माणूस बघावा लागेल. नियम आहे."

ऑर्विलला पट्ट्याची कडी उघडता येईना. शेवटी मीच ती उघडून दिली.

बाहेर बाकावर बसून तो म्हणाला, "लॉटी, तुला तरी वाटतं का मी घेतली?"

"मला वाटून काय उपयोग? काल दार किती वाजता लावलंस?"

"पाचला. मग युकर खेळायला गेलो."

"पत्ते खेळायला? इतका भडकलेला असताना?"

"हरलोसुद्धा. विचार कुणालाही."

"क्रम गाडीजवळ एकटा होता का?"

"साडेचारला. मी कॉफी ओतायला आत गेलो होतो. दहा मिनिटं तरी होता." त्याने मान वर केली. "त्यानेच घेतली, बघ! मागे 'हिरवी' असेल अशी भीती वाटली असणार त्याला."

हे पटण्यासारखं होतं. मी उठले तर माझी नजर दाराशेजारच्या पाटीवर गेली. 'हात लावू नये.' ऑर्विलनेच लावलेली. चारही स्क्रूंची तोंडं चार दिशांना, लग्नाच्या दारूनंतर बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांसारखी.

"हे काय रे? म्हातारा एसा असता तर पाटी तुझ्या डोक्यात घातली असती."

"अगं, मी रेघा ओढणारा! बारीक कुंचला धरून चाळीस फूट सरळ रेघ मारून दाखवतो अजून. पण आमच्या युनियनमध्ये रंगाऱ्याने पेचकस नुसता उचलला तरी शेजारचं खातं संपावर जायचं. माझा स्क्रू आजवर कधी सरळ बसलेला नाही."

मी दोन पावलं गेले आणि थबकले. परत आत जाऊन बॉनेट उघडलं, आणि ते दोन उभे स्क्रू नीट बघितले.

४

एसा रॅन्सडेलचा एक नियम होता आणि तो आम्हांला पहिल्या दिवशी, जेवायच्या सुट्टीआधी, शिकवला जायचा. स्क्रू पिळून झाला की त्याची खाच उभी राहिली पाहिजे. आडवी खाच पाणी धरते, गंज धरते. उभ्या खाचेतून पाणी ओघळून जातं. आणि रिकामं भोक कधी ठेवायचं नाही, कारण भोकातही पाणी जातं. एक खाच तिरकी दिसली की तपासनीस खडूने गोल करायचा आणि अख्खी गाडी मागे यायची. डेट्रॉइटमध्ये म्हणे हसायचे आम्हांला. हसू देत. पन्नास वर्षांच्या रॅन्सडेलचं बॉनेट उघडा आणि गंज शोधून दाखवा.

म्हणजे ज्याने पट्टी काढली, त्याच्या हाताला हे वळण होतं. चोरी करताना, घाईत, भीतीतसुद्धा, त्याचा हात भोक रिकामं ठेवायला तयार झाला नाही आणि खाच तिरकी सोडायलाही झाला नाही.

आता क्रमकडे जायला हवं होतं.

तो मैदानात सावलीला खुर्ची टाकून भाजलेलं कणीस खात होता. लोक त्याच्यापासून जरा लांबच बसले होते.

"या बाई," तो म्हणाला. "तुम्हीही शिव्या द्यायला आलात का? रांग तिकडून आहे."

"गाडी बघायला आले."

त्याचा चेहराच बदलला. कणीस टाकून त्याने हात पँटला पुसले. "बघा की! वडिलांनी त्रेसष्टच्या वसंतात घेतली. विकणारा म्हणाला, ही कारखान्यातून अगदी शेवटी निघालेली. वडील मरेपर्यंत सांगत राहिले, शेवटची रॅन्सडेल माझी आहे. अख्खा गाव हसायचा. म्हणायचे, शेवटची असती तर दरवाजा असा ठिगळासारखा कशाला असता?"

"आणि तुम्ही? तुम्हीही हसायचात?"

त्याने बॉनेटवरची धूळ बाहीने पुसली. "मी सगळ्यांत जास्त," तो म्हणाला.

त्याने बॉनेट वर केलं. त्याची पट्टी चकचकीत होती. दोन स्क्रू. एक तिरका, दुसरा जवळजवळ आडवा.

"हे तुम्हीच परत बसवले?"

"हो. का? सैल आहेत का?"

"घट्ट आहेत," मी म्हटलं. "बाकी काही विचारू नका. मागची गादी उचलता येईल?"

त्याने गादी पुढून सैल करून दिली. मी गुडघ्यांवर बसले आणि खालच्या कडेवरून बोटं फिरवत गेले. तीस वर्षं झाली तरी बोटं विसरत नाहीत. डावीकडून बारीक, चपटी, खरखरीत डोकी. आमचेच काळे खिळे. आठ, दहा, बारा. मग मधोमध माझं बोट एका मोठ्या, गोल, गुळगुळीत डोक्याला अडकलं. पुढे दुसरं. तिसरं.

मी वाकून बघितलं. पांढरे होते.

"बाई, तुमचा चेहरा असा का झाला?" क्रम विचारत होता.

मी तोंडावर हात धरला होता. तीस वर्षांनी तीच चव आली होती.

५

क्रम खरं बोलत होता. म्हणजे पट्टी चोरायचं त्याला कारण नव्हतं. आणि त्याचा हातही तो नव्हता, कारण स्वतःच्या लाडक्या गाडीचे स्क्रू ज्याने तिरके बसवले, तो दुसऱ्याच्या गाडीचे कशाला उभे करेल? ऑर्विलच्या हाताला तर जन्मात ते वळण लागलं नाही. मग किल्ली कुणाकडे होती?

मी उरलेल्या कोलाचकी घेतल्या आणि टेकडीवरच्या रॅन्सडेलांच्या घरी गेले. मागच्या दाराने. त्या घरी मी पुढच्या दाराने कधी गेले नव्हते.

"लॉटी? ये," मिस विनिफ्रेड म्हणाली. "दमलेली दिसतेस. थंड चहा घे."

तिने स्वयंपाकघरातला दिवा लावला. बटणाच्या चौकटीचे दोन स्क्रू उभे. मी ग्लास घ्यायला उठले. कपाटाच्या बिजागऱ्यांचे सहा स्क्रू उभे. खिडकीच्या कडीचे, भिंतीवरच्या घड्याळाचे, पावाच्या डब्याच्या झाकणाचेसुद्धा. त्या घरात एकही खाच तिरकी नव्हती.

"हे सगळं कोण बसवतं, मिस विनिफ्रेड?"

"मीच. सुतारांना जमत नाही." ती थोडं हसली. "सहा वर्षांची असताना आजोबांनी मला लाकडाचा ठोकळा आणि शंभर स्क्रू दिले होते. सगळे उभे झाले तेव्हा आइस्क्रीम मिळालं."

मी चहाचा घोट घेतला. "चोरानेही उभेच बसवलेत."

तिचा हात मोत्यांवर गेला.

"ऑर्विलला ते जमत नाही," मी म्हटलं. "दाराजवळची त्याची पाटी बघा. क्रमलाही जमत नाही. दार फोडलेलं नाही, आणि किल्ल्या दोनच. मी काही फार हुशार बाई नाही. गाद्या शिवायचे मी."

तिने उठून पावाचा डबा उघडला. आत पावाच्या मागे रुमालात गुंडाळलेली पट्टी होती. तिने ती टेबलावर पालथी ठेवली. पितळावर सुईने ओरखडलेला एकच शब्द : निळी.

"तू बघितलं नसशील," ती म्हणाली, "शेवटची गाडी लाइनवरून उतरली तेव्हा कशी दिसत होती. निळे दरवाजे संपले होते. कुठूनतरी एक आणून लावला होता, त्याचा रंगच जुळेना. बाहेर वर्तमानपत्रवाले कॅमेरे घेऊन उभे. वडील म्हणाले, रॅन्सडेलची शेवटची गाडी अशी दिसणार नाही. तिच्या आधीची हिरवी चांगली होती. पट्ट्या बदलल्या. पाच मिनिटांचं काम."

"वडिलांनी बदलल्या?"

"त्यांचे हात थरथरत होते. स्क्रू मी पिळले." तिने पट्टी पुन्हा सुलटी केली. "मागे रंग कोरलेला असतो हे मला काल क्रम बोलला तेव्हा कळलं, लॉटी. साडेपाचला जाऊन काढली. भोकं तशीच सोडवेनात मला. विचारसुद्धा केला नाही त्याचा."

"आणि ऑर्विल?"

"मला वाटलं होतं, संशय क्रमवर जाईल. तो बाहेरचा माणूस. परवा तो घरी जाईल आणि विषय संपेल." ती खिडकीबाहेर बघत होती. "ऑर्विलकडून किल्ली मागताना वाटलं, आत्ता बोलावं. पण वडिलांचा चेहरा आठवला. लोक म्हणतील, रॅन्सडेल शेवटच्या दिवशी खोटं बोलले."

"मग नियमाचं बोललात."

"हो. नियमाचं बोलले."

मी तिला शवपेटीच्या खिळ्यांची गोष्ट सांगितली. सगळी. मामाची, तोंडातल्या खिळ्यांची, आईच्या मिठाच्या पाण्याची. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हणजे आमच्या शेवटच्या गाडीत तू शवपेटीचे खिळे मारलेस?"

"तुमच्याच खरेदीवाल्यांनी दुसरे ठेवले नव्हते!"

तिने डोळे पुसले. "उद्या बारा वाजता तू सगळ्यांना सांगणार?"

"मी खिळ्यांचं सांगेन," मी म्हटलं. "पट्टीचं सांगायला माणूस दुसरा आहे. पण बारा वाजून एक मिनिट झालं आणि ऑर्विलच्या कमरेला किल्ली नसली, तर मग मी सगळंच सांगेन."

निघताना तिने मला पुढचं दार उघडून दिलं. ती येणार की नाही, ते मात्र तिच्या चेहऱ्यावरून मला वाचता आलं नाही.

६

शनिवारी पावणेबाराला मैदानात दोन-अडीचशे माणसं जमली. हिरवी गाडी ढकलत बाहेर आणली होती, शेजारी क्रमची निळी. ऑर्विल रविवारचा कोट घालून मागे उभा होता, शिक्षा ऐकायला आल्यासारखा. मिस विनिफ्रेडची खुर्ची रिकामी होती.

बाराला पाच मिनिटं असताना विमावाला घसा खाकरून उठला. "मंडळी, पट्टी मिळालेली नाही. तेव्हा मंडळापुढे एकच मार्ग..."

"बस खाली, हॉवर्ड," मागून आवाज आला.

ती गर्दीतून चालत पुढे आली. मोत्यांचा सर नव्हता. हातात रुमाल. तिने लांबण लावली नाही. वडिलांनी काय केलं ते सांगितलं, आपण काय केलं ते सांगितलं, तेव्हाचं आणि परवाचंही. मग रुमाल उघडून पट्टी क्रमच्या हातावर पालथी ठेवली. त्याने ती वाचली. मग शेजारच्या माणसाला दाखवली, त्याने पुढच्याला. 'निळी, निळी' असं म्हणत ती पट्टी सगळ्या मैदानातून फिरून आली.

मग मी दोन्ही गाड्यांच्या गाद्या उचलायला लावल्या. हिरवीत सगळे काळे. निळीत पांढरे. माझ्या खात्यातल्या उरलेल्या चार म्हाताऱ्या गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसल्या आणि बघून ओरडल्या. एक म्हणाली, "तरीच तेव्हा आठवडाभर तुझ्या तोंडाला घाण वास यायचा, लॉटी!"

क्रमने टोपी काढली. "बाबा," तो हळूच म्हणाला, आणि टोपीने डोळे टिपले. कुणीतरी त्याच्या हातात कणीस दिलं. आमच्याकडे रडणाऱ्या माणसाला खायला देतात.

मिस विनिफ्रेड ऑर्विलसमोर जाऊन उभी राहिली. तिच्या तळहातावर किल्ली होती. "ऑर्विल, मी तुझ्याशी फार वाईट वागले."

ऑर्विलने किल्लीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"एकोणीस वर्षं खोट्या गाडीला फडकं मारत होतो तर मी," तो म्हणाला.

"शेवटून दुसरीला," मी म्हटलं.

"तीही वाईट नाही," तो म्हणाला, आणि किल्ली घेऊन पट्ट्याला अडकवली. या वेळी कडी एका झटक्यात लागली. "मिस विनिफ्रेड, पुढच्या वेळी चोरी करायची झाली तर मला सांगा. निदान मी स्क्रू तिरके तरी बसवले असते."

एकच हशा पिकला, आणि तीही हसली. क्रमने सांगितलं की निळी गाडी तो घरी नेणार, वडिलांची आहे. पण दर ऑगस्टला ती इथे हिरवीच्या शेजारी उभी राहील. "आणि तो दरवाजा रंगवून घेतो," तो म्हणाला.

"खबरदार," मिस विनिफ्रेड म्हणाली. "दरवाजा आहे तसाच राहील."

आता पट्ट्या आपापल्या गाड्यांना लावायच्या राहिल्या. सगळे ओरडायला लागले, "ऑर्विल! ऑर्विलच लावणार!" बिचारा नको नको म्हणत असताना त्याच्या हातात पेचकस कोंबला. आता त्याला अडवायला कुठलं खातं संपावर जाणार होतं? ते खातंच उरलं नव्हतं. त्याने निळीच्या बॉनेटखाली डोकं घातलं, जीभ बाहेर काढली आणि एक स्क्रू पिळला. मग दुसरा. मागे सरून कपाळ पुसलं.

दोन-अडीचशे म्हातारी माणसं पुढे वाकून बघत होती. तीस वर्षं झाली होती, कारखान्याच्या जागेवर गवत वाढलं होतं. तरी सगळ्यांच्या तोंडून एकाच वेळी एकच आवाज निघाला, दात दुखल्यासारखा. एक खाच पार डावीकडे कललेली, दुसरी आडवी झोपलेली.

ऑर्विलने हात वर केले. "मी सांगितलं होतं!"

मिस विनिफ्रेडने बाह्या वर सारल्या.

"दे इकडे," ती म्हणाली.